जुन्या लोखंडाचे काय करावे?

तुमच्या गावच्या शाळेची घंटा कधी जवळून पाहिली आहे का? पुष्कळ गावांत ती घंटा नसतेच. तो असतो रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा. त्याला वर एक भोक. त्यातून तार ओवून तो झाडाला नाही तर पडवीला टांगलेला. शिपाई त्यावर हातोडी मारतो आणि आवाज शिवारापर्यंत जातो.

या तुकड्यावरून पूर्वी आगगाड्या गेल्या. मग रूळ झिजला. रेल्वेने तो काढून टाकला, लिलावात विकला. त्याचा एक तुकडा शाळेत आला. कोणी तो वितळवला नाही, पुन्हा ओतला नाही. जसा होता तसाच तो दुसऱ्या कामाला लागला.

मी पस्तीस वर्षे शाळेत होतो. रोज ही घंटा ऐकली. पण तिच्यात काही शिकण्यासारखे आहे हे मला उशिरा कळले. ते कसे कळले, तेच आज सांगतो.

२०१८ साली आमच्या गावची जुनी शाळा पाडली. शाळा १९६३ सालची. भिंती दगडमातीच्या. वर लोखंडी गर्डर, गर्डरांवर शहाबादी फरशी, फरशीवर चुन्याचा कोबा. भिंती फुगल्या होत्या. पावसात पोरांना आत बसवायची भीती वाटायची. नवी इमारत झाली, तेव्हा जुनी उतरवली. दगड एकीकडे पडले, फरशा एकीकडे. मधोमध नऊ गर्डर निजले होते.

भंगारवाले टेंपो घेऊन आले. म्हणाले, "गुरुजी, सगळे एकदम वजनावर घेतो. आजच उचलतो."

आम्ही पंचमंडळी हो म्हणणार होतो. तेवढ्यात शेजारच्या काकू पुढे आल्या. शाळा बांधताना त्यांच्या आईने डोक्यावरून गारा वाहिला होता. त्या म्हणाल्या, "अहो, ह्या गर्डराखाली माझी तीन पोरं शिकली. पन्नास वर्सं त्यानं सगळं माळवद पेललं. वाकला न्हाई. मग तो भंगार कसा झाला?"

या प्रश्नाला आमच्यापैकी कोणाजवळ उत्तर नव्हते.

आपण सगळ्यालाच लोखंड म्हणतो. पण बांधकामात आजकाल वापरतात ते पोलाद. लोखंडात कार्बनचा, म्हणजे कोळशात असतो त्याच पदार्थाचा, अगदी थोडा अंश राहू दिला की पोलाद होते. तो अंश फार झाला की बीड होते. बीड कठीण, पण ठिसूळ. पोलाद वाकेल, पण चटकन तुटणार नाही. म्हणून घरावर ओझे पेलायला पोलाद.

हे पोलाद करायला काय लागते, पाहा. खाणीतून लाल खनिज काढायचे. ते दगडी कोळशाबरोबर मोठ्या भट्टीत घालायचे. एक टन, म्हणजे १००० किलो नवे पोलाद करायला सुमारे १४०० किलो खनिज आणि ८०० किलोच्या आसपास कोळसा लागतो. चुनखडी लागते ती निराळी. त्यातून सुमारे दोन टन कार्बनचा वायू हवेत जातो. हाच वायू साठत गेला म्हणून पृथ्वी तापत आहे. आपल्या देशात टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यात पहिले पोलाद १९१२ साली निघाले. तेव्हापासून किती डोंगर खणले गेले असतील!

भंगार वितळवून पोलाद केले तर खनिज लागत नाही, कोळसाही पुष्कळ वाचतो. आपल्या जालन्यात हेच चालते. गावोगावचे भंगार तिथे जाते. विजेच्या भट्टीत ते वितळते, त्याच्या लांबट विटा ओततात, त्या लालबुंद असताना रुळांमधून लाटतात आणि सळई निघते. तुमच्या घराच्या स्लॅबमध्ये कदाचित कोणाची जुनी सायकल असेल! हे काम चांगलेच आहे. पण पोलाद वितळायला १५०० अंशांच्या आसपास उष्णता लागते. त्याला वीज किती जळते!

आणि गर्डर जसाच्या तसा पुन्हा वापरला तर? तर भट्टी नको, वीज नको. लागतो तो तारेचा ब्रश, रंग आणि बैलगाडी. म्हणजे काकूंचे म्हणणे खरे होते. धड गर्डर वितळवणे म्हणजे चांगली भाकरी कुस्करून तिचे पुन्हा पीठ करायला जाणे.

पण थांबा. मी इथे उतावीळ होणार नाही. कारण एकदा झालो होतो.

२००९ सालची गोष्ट. मला गोठ्यावर पत्रे घालायचे होते. बाजारात जुने लोखंडी पाइप मिळाले. वरून छान लाल रंग मारलेला. स्वस्त होते. मी सहा खांब घेतले, जमिनीत दोन हात पुरले, वर अँगल जोडले आणि पत्रे ठोकले. वैशाखात वळवाचा वारा सुटला. दोन खांब बुडाशी कट्‌कन मोडले आणि सगळा गोठा एका अंगावर आला. आमच्या घरच्या मंडळी धार काढून नुकत्याच बाहेर आल्या होत्या. कालवड आत होती. ती गेली.

सकाळी मोडलेला खांब पाहिला. पाइप आतून गंजून कागदासारखा पातळ झाला होता. बुडाशी एक भोक होते. त्यात पुट्टी भरून वर रंग फासला होता. विकणाऱ्याने फसवले, हे खरे. पण मी खांब हातोडीने वाजवून पाहिला नाही, हेही खरे. मुलांना मी रोज सांगत असे, पारखून घ्या. स्वतः मात्र रंग पाहून घेतले.

म्हणून २०१८ साली मी पंचांना म्हटले, "विकायचेही नाही आणि डोळे झाकून वापरायचेही नाही. आधी पारख."

आम्ही जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्यातल्या अभियंता बाईंना विनंती केली. त्या आल्या. बरोबर टेप, तारेचा ब्रश, हातोडी आणि जाडी मोजायचा कॅलिपर. पण त्यांनी आधी गर्डरला हात लावला नाही. मलाच विचारले, "गुरुजी, तुमची लाकडी पट्टी आहे का?"

फूटपट्टी आणली. त्यांनी ती दोन विटांवर आडवी ठेवली आणि मध्ये बोटाने दाबली. पट्टी वाकली. मग तीच पट्टी कडेवर उभी धरून दाबली. मुळीच वाकली नाही. तुम्हीही घरी करून पाहा. लाकूड तेच, बोट तेच. फरक उंचीचा.

मग त्यांनी खडू घेतला. दोन टोके धरून वाकवला. खडू तुटला. "कुठून तुटायला लागला?" आम्ही पाहिले. बाहेरच्या, ताणल्या गेलेल्या अंगाने. त्या म्हणाल्या, "गर्डरवर ओझे आले की त्याचे वरचे अंग दाबले जाते, खालचे ताणले जाते. मधल्या उभ्या पत्र्याला त्या मानाने काम कमी. म्हणून गर्डरला वर-खाली रुंद पाट असतात आणि मधला भाग पातळ असतो. जिथे जोर, तिथे पोलाद."

ही गोष्ट नीट ध्यानात घ्या. पुढची सगळी पारख तिच्यावर आहे.

पहिले काम गंज काढण्याचे. पण त्याआधी बाईंनी पोरासोरांना लांब घालवले. जुन्या गर्डरांना पूर्वी शेंदराचा हात देत. शेंदूर म्हणजे शिशाचे भस्म. तो खरवडताना धूळ नाकातोंडात गेली तर शिसे अंगात भिनते. मुलांना ते फार वाईट. म्हणून रंग ओला करून खरवडायचा, नाकाला चांगला मास्क बांधायचा, खरवड गोळा करून वेगळी ठेवायची, हात धुतल्याशिवाय भाकरीला शिवायचे नाही. शेंदूर दिलेले लोखंड गॅसने कापले तरी तोच विषारी धूर निघतो. कापायचे तेवढ्या जागेचा रंग आधी काढावा.

गंज निघाला तसा गर्डराच्या अंगावर ठसा दिसला. कारखान्याचे नाव उठवलेले असते. ते वाचता आले तर माल कुठला हे कळते. काही जुन्या वाड्यांतल्या गर्डरांवर विलायती कारखान्यांची नावे आजही सापडतात. वाचता येणाऱ्याला लोखंडही बोलते, बरं का!

मग दोरी. गर्डरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणून धरली. दोरी आणि गर्डर यांत फट पडते का ते पाहिले. पीळ पडला आहे का पाहिले. आठ गर्डर सरळ निघाले. नवव्याला पीळ होता. आणि त्याच्या खालच्या पाटाला, बरोबर मध्यावर, मोठे भोक होते. पंखा टांगण्यासाठी कोणी तरी गॅसने जाळून पाडलेले. बाई हळहळल्या. "सगळ्यांत जास्त ताण जिथे, तिथेच भोक! कडेला पाडले असते, वा नुसता पट्टा अडकवला असता, तर हा गर्डरही वाचला असता." तो बाजूला काढला.

मग वजन. गर्डर सहा इंच उंचीचे, पाच मीटर लांबीचे होते. बाईंनी कोष्टक पाहिले. असा गर्डर नवा असताना मीटरला सुमारे १५ किलो भरतो. पाच मीटरला ७५ किलो. आम्ही वजनकाट्यावर घातले. सहा गर्डर ७४ किलोच्या आसपास भरले. पन्नास वर्षांत एखादा किलो गेला, एवढेच. उरलेले दोन ६६ किलो भरले.

मी म्हटले, "नऊ किलोच कमी आहेत. पंचाहत्तरात नऊ. चालेल की."

बाई म्हणाल्या, "नऊ किलो गेले कुठून, ते पाहा."

पाहिले तर सगळा गंज एकाच टोकाला. हे टोक भिंतीत पुरलेले. त्या बाजूची पन्हाळ कित्येक वर्षे फुटकी होती. पाणी भिंतीत मुरत होते. टोकाचा मीटरभर भाग खाल्ला गेला होता. आता हिशेब करा. मीटरभर गर्डरचे मूळ वजन १५ किलो. त्यातले ९ गेले. उरले ६. म्हणजे त्या टोकाला निम्म्याहून अधिक गर्डर नाहीसा झाला होता! एकूण वजनाने हे कळले नसते. लोखंड कधीच सारखे गंजत नाही. जिथे पाणी थांबते तिथे गंजते. भिंतीतले टोक, जमिनीतले बूड, दोन पत्र्यांमधली फट, पाइपचे पोट. पारखताना आधी तिथे पाहावे. समुद्रकाठच्या गावांत खारा वारा असतो. तिथे तर दुप्पट सावध राहावे.

मग ते दोन गर्डर फुकट गेले का? नाही. बाईंनी गंजलेले टोक मीटरभर कापायला सांगितले. चार मीटरचे दोन धड गर्डर उरले. लांबी कमी झाली की ताकदीचा प्रश्न उलट सोपा होतो. मध्ये सारखेच ओझे ठेवले तर दुप्पट लांबीचा गर्डर आठपट लवतो. तसाच अर्ध्या लांबीचा आठव्या हिश्श्याने लवतो. जुन्या लोखंडाला नेहमी पूर्वीपेक्षा आखूड जागा आणि पूर्वीपेक्षा कमी ओझे द्यावे. म्हाताऱ्या बैलाला आपण जड नांगराला जुंपत नाही. हलकी गाडी मात्र तो मजेत ओढतो.

बाईंनी आणखी एक विचारले. "हे गर्डर शाळेवरचेच ना? पुलावरचे नाहीत ना?" का, तर पुलावर, रुळावर, यारीवर ओझे येते आणि जाते, येते आणि जाते, लाखो वेळा. त्याने पोलादात केसासारखी बारीक चीर पडू शकते. वरून ती दिसतही नाही. घरावरच्या गर्डरवर ओझे एकाच जागी बसलेले असते. त्याला तसा शीण येत नाही. म्हणून घरातून निघालेले लोखंड घराला चालते. पुलावरचे घ्यायचे तर आधी तपासणी हवी. मोठ्या कामासाठी गर्डरचा एक लहान तुकडा कापून इंजिनिअरिंग कॉलेजात देतात. तिथे यंत्रात तो ताणून, तुटेपर्यंत ओढून पाहतात. मग त्याची खरी ताकद आकड्यात कळते.

आमच्या गावात एकाने रुळाचे तुकडे खांब म्हणून उभे केले होते. त्याने बाईंना दाखवले. त्या म्हणाल्या, "खांब म्हणून ठीक. पण त्याला वेल्डिंग करू नका. रुळाचे पोलाद कडक असते, त्यात कार्बन जास्त. साधे वेल्डिंग केले की टाक्याशेजारी चीर पडते." आणि मग हळूच विचारले, "पावती आहे ना?" रेल्वेच्या मालाचा १९६६ सालचा वेगळा कायदा आहे. रेल्वेचा चोरीचा माल घरात सापडला आणि तो रीतसर आपल्याकडे आला हे दाखवता आले नाही, तर शिक्षा होते. लिलावात घेतलेल्या मालाची पावती असते. रूळ घ्याल तर पावती मागा, वाचा आणि जपून ठेवा. गर्डराचेही आम्ही तसेच केले. शाळेचे सामान म्हणजे सरकारी सामान. ग्रामसभेत ठराव केला, ठरवून दिलेली किंमत भरली, पावती फाइलला लावली.

आता सळयांची गोष्ट. शाळेच्या पडवीवर मागाहून काँक्रीटचा स्लॅब घातला होता. तो फोडला तेव्हा सळया निघाल्या. वाकड्यातिकड्या. आमचे गवंडी म्हणाले, "हातोड्यानं सरळ करतो. नव्या खोलीच्या लिंटलमध्ये घालू." लोहारदादा म्हणाले, "मी भट्टीत तापवून सरळ करून देतो. एकदम सुतासारख्या."

बाईंनी दोघांनाही हात जोडले. "हे मात्र करू नका."

कारण असे. एकदा वाकवलेली आणि पुन्हा ठोकून सरळ केलेली सळई त्या जागी दुखावलेली असते. तार दोनचारदा पुढेमागे वाकवा, तुटते की नाही? तसेच. आणि हल्लीची टीएमटी सळई तर दोन थरांची असते. कारखान्यात लाल सळईवर जोराचे पाणी मारतात. बाहेरची साल कडक होते, आतला गाभा मऊ राहतो. तिची ताकद त्या सालीत आहे. लोहाराच्या भट्टीत ती लाल केली की साल मऊ पडते. वरून सळई तशीच दिसते, पण ताकद गेलेली. आणखी एक. काँक्रीटला पकडायला सळईवर कंगोरे असतात. जुन्या सळईचे कंगोरे गंजाने झडलेले असतात. गंज चढलेली सळई पुन्हा काँक्रीटमध्ये गेली आणि आत ओल पोचली की गंज वाढतो. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. तो आतून काँक्रीट फोडतो. छताचे पोपडे पडून सळया उघड्या पडलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. ते काम गंजाचे.

तेव्हा स्लॅबमधून निघालेली सळई कुंपणाला लावा, काकडी-दोडक्याच्या मांडवाला लावा. नाही तर भंगारात द्या, ती जालन्याला जाऊन नवी होऊन येईल. ज्या छताखाली पोरे निजतात त्या छतात ती नको. बीडाचेही असेच. जुन्या वाड्यात बीडाचे नक्षीचे खांब असतात. बीड दाब सोसते, ताण सोसत नाही. म्हणून खांब म्हणून ते उभे राहील, पण आडवे टाकून तुळई करू नये. ओळख सोपी आहे. डोळे सांभाळून छिन्नीने कडेचा लहान कपचा काढा. पोलादाची साल वळत येते. बीडाचा कण तुटून उडतो.

नव्या सळया विकत घेतानाही पारख लागते. काही ठिकाणी मोडीत निघालेल्या जहाजांचे जाड पत्रे न वितळवताच, नुसते तापवून आणि लाटून, सळया करतात. गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर १९८३ सालापासून जहाजे मोडतात. तिथल्या पत्र्याचे असे होते. अशा सळईत प्रत्येक वेळी पोलाद सारखेच असेल असे नाही. म्हणून सळईवर कारखान्याचे नाव आणि आयएसआयचे चिन्ह आहे का ते वाचा. आयएस १७८६ हा सळईचा प्रमाणक्रमांक आहे. तो बिलावर लिहून मागा. आणि वजन करा. सळईची जाडी मिलिमीटरमध्ये घ्या. त्या आकड्याला त्याच आकड्याने गुणा. आलेल्या संख्येला १६२ ने भागा. एका मीटरचे वजन किलोत मिळेल. १२ मिलिमीटरची सळई घ्या. १२ गुणिले १२ म्हणजे १४४. भागिले १६२ म्हणजे ०.८९. सुमारे ८९० ग्रॅम. काट्यावर फारच कमी भरली तर सळई पातळ लाटली आहे, समजा.

असो. आमच्या गर्डरांचे पुढे काय झाले ते सांगतो.

आम्ही वाचनखोली बांधली. सहा लांब गर्डर खोलीवर, दोन आखूड पडवीवर. पूर्वी त्यांच्यावर फरशी आणि कोबा होता. आता नुसते पत्रे. म्हणजे ओझे पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी. गंज काढून दोन हात रेडऑक्साइडचे आणि वर दोन हात रंगाचे दिले. भिंतीतल्या टोकांना आधीच रंग दिला, कारण मागाहून तिथे ब्रश पोचत नाही.

गवंडी गर्डर भिंतीवर नुसते टेकवणार होते. पूर्वी तशीच रीत होती. बाईंनी ऐकले नाही. त्यांनी भिंतींच्या माथ्यावर चारी बाजूंनी काँक्रीटचा पट्टा घालायला लावला आणि गर्डर त्या पट्ट्याला बोल्टांनी बांधायला लावले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि जड माळवदे निजलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसे गेली. भिंत हलली की नुसती टेकवलेली तुळई निसटून खाली येते. बांधलेली असली तर छप्पर आणि भिंती एकमेकांना धरून राहतात. आणि पत्र्याचे छप्पर हलके असते. वळवाच्या वाऱ्यात ते वर उचलले जाते. तेव्हाही हेच बोल्ट उपयोगी पडतात.

पडवीचे खांब आम्ही जमिनीत पुरले नाहीत. माझी कालवड मी विसरलो नव्हतो. जमिनीच्या वर वीतभर काँक्रीटचा ओटा केला, त्यावर खांबाची लोखंडी पाटी बोल्टांनी कसली. बुडाशी पाणी थांबत नाही, आणि गंज लागलाच तर डोळ्यांना दिसतो.

वेल्डिंगवाल्या पोराला हे बोल्ट पसंत नव्हते. "गुरुजी, टाके मारले की काम पक्कं. बोल्ट कशाला?" बाईंनी त्याला विचारले, "पन्नास वर्षांनी ही खोली उतरवायची झाली तर?" वेल्डिंग गॅसने कापावे लागते. कापताना लोखंड खराब होते, आखूड होते. बोल्ट पान्याने सुटतो. गर्डर जसाच्या तसा हाती येतो. ही युक्ती काही नवी नाही. लंडन शहरात १८५१ साली मोठे प्रदर्शन भरले होते. त्यासाठी लोखंड, लाकूड आणि काच यांचा प्रचंड महाल उभारला. भाग कारखान्यांत करून आणले आणि जागेवर जोडले. प्रदर्शन संपल्यावर महाल उतरवला, आणि तेच सामान वापरून, आकार वाढवून, दुसऱ्या जागी पुन्हा उभा केला. तिथे तो १८५४ साली उघडला आणि १९३६ साली आगीत जळेपर्यंत उभा होता. उतरवता येईल असा बांधला, म्हणून पुन्हा उभा राहिला.

नववा गर्डर आणि कापलेली टोके आम्ही भंगारात दिली. सळयाही दिल्या. त्याचे आलेले पैसे रंगाला आणि बोल्टांना लागले. बाईंनी जाताना एक कागद लिहून दिला. कोणता गर्डर कुठे बसवला, किती लांब, किती वजनाचा, कोणत्या सालचा, त्यावर किती ओझे चालेल. तो कागद काचेत घालून खोलीत लावला आहे. उद्या कोणी त्या खोलीवर पाण्याची टाकी चढवायला निघाला, तर त्याने आधी तो वाचावा.

काकू आता त्या खोलीत रात्रीच्या वर्गाला येतात. तो कागद त्या अडखळत वाचतात. पहिल्या दिवशी वाचताना "१९६३" या आकड्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "ह्या साली मी जन्मले."

आता पाटी घ्या आणि हा हिशेब करा.

वाचनखोलीवर ७४ किलोचे सहा गर्डर आहेत. पडवीवर ६० किलोचे दोन आहेत. सगळे मिळून वजन किती? १ किलो नव्या पोलादाला १ किलो ४०० ग्रॅम खनिज लागते असे धरा. तर किती किलो खनिज खाणीतच राहिले?

दुसरा हिशेब. दुकानदाराने १० मिलिमीटरची सळई दिली. लांबी १२ मीटर. काट्यावर ती ६ किलो भरली. वर सांगितलेल्या रीतीने किती भरायला हवी होती? घ्यावी की परत करावी?